उचकी लागलेलं विमान

पाचोऱ्याला परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय, शाळेच्या स्टाफरूमपासून भाजीवालीपर्यंत. विमान पाण्यात उतरतं म्हणजे बुडत कसं नाही? पहिल्या दिवशी मी नीट समजावून सांगितलं, की त्याला खाली होडीसारख्या दोन लांबट पोकळ पेट्या असतात, त्यांवर ते तरंगतं. दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागले, की बुडतं, पण हळूहळू बुडतं, तेवढ्यात आपण उतरून घ्यायचं. लोकांना हेच उत्तर जास्त पटतं.

आता झालं ते सगळं एकदाच लिहून काढते. म्हणजे कोणी विचारलं की हे कागद त्याच्या हातात द्यायचे आणि आपण पोळ्या लाटायला लागायचं.

तर आधी नाना. नाना म्हणजे माझे वडील. मूळचे साक्रीकडचे, पण सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, टर्बाइन हॉलमध्ये. निवृत्त झाल्यावर घर बांधलं तेही वसाहतीला लागूनच, कारण केंद्राची घरघर कानावर पडली नाही तर त्यांना झोप येत नाही. आई गेल्यापासून एकटे राहतात. टर्बाइन हॉलने त्यांचे कान खाल्ले. 'चहा घेता का' विचारलं तर 'साडेचार' असं उत्तर येतं. आणि तरीही पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीचा पट्टा सैल झालाय हे अंगणात बसून सांगतात. आम्ही भावंडं याला नानांची थाप म्हणायचो.

नानांकडे एक म्हातारी स्कूटर आहे. दसऱ्याच्या आसपास वसाहतीच्या उतारावर मागून एक ट्रॅक्टर आला. नाना बाजूला झाले नाहीत. ट्रॅक्टरवाल्याने शेवटच्या क्षणी वळवलं म्हणून बरं. शेजाऱ्याने नाशिकला माझ्या धाकट्या भावाला, सुधीरला, फोन केला आणि सुधीरने नाशिकहूनच निकाल दिला की नानांना ऐकू येत नाही, स्कूटर विकायची. गिऱ्हाईकही ठरवलं, दिवाळीनंतरच्या रविवारी येणार. तोपर्यंत किल्ली माझ्या पर्समध्ये, कारण दिवाळीच्या सुट्टीत मी नानांकडेच होते. नानांना वाटत होतं किल्ली हरवली. रोज सकाळी ते देवघराच्या फळीवर, गादीखाली, मोरीत, सगळीकडे शोधायचे, आणि मी त्यांच्याबरोबर शोधायचे. ही लाज मी अजून विसरले नाही.

'प्रवासात नाना खुशीत असतील, तेव्हा तू सांगून टाक,' असं सुधीर म्हणाला. सांगायचं काम माझ्याकडे. मोठी ना मी.

हतनूर

प्रवास म्हणजे जलविमानाची चाचणी सफर. तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यातून उडायचं आणि पाऊण तासात साक्रीपलीकडच्या डोंगरात, तिथल्या धरणाच्या पाण्यात उतरायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल, आणि त्यांनी आम्हाला नाश्ता चांगला दिला होता. दीपनगरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला दोन जागा मिळाल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, नानांची निघाली. सत्तरीपुढच्या माणसाबरोबर सोबत हवी असा नियम, म्हणून मी.

दिवाळी होऊन गेली होती. धरण काठोकाठ, पाण्यावर धुकं, आणि त्या धुक्यात ते पांढरं विमान बांधून ठेवलेल्या म्हशीसारखं गप उभं. मला वाटलं होतं मोठं असेल. आत नऊ खुर्च्या. आमच्या शाळेची रिक्षा याच्यापेक्षा जास्त माणसं नेते.

एसटीत कंडक्टर विचारतो कुठे जायचं. इथे विचारतात वजन किती. नुसतं विचारत नाहीत, कापूस मोजायला असतो तसल्या काट्यावर सामानासकट उभं करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. माझा आकडा वाचला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन बायका आपसात काहीतरी बोलल्या. नानांची पिशवी भारी निघाली. साक्रीला त्यांची मोठी बहीण राहते, आमची अक्का. तिच्यासाठी नानांनी केळीची एक फणी आणि भरताची हिरवी वांगी घेतली होती, एकेक वांगं नारळाएवढं. कंपनीची मुलगी म्हणाली, "काहीतरी कमी करावं लागेल."

नानांना एवढं मात्र लगेच समजलं. त्यांनी माझी बॅग उघडली आणि दोन साड्या काढून मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात दिल्या. साड्या हतनूरला राहिल्या, वांगी विमानात बसली.

ती मुलगी म्हणजे मानसी. पुण्याची, गोड बोलणारी, आमच्या सोबत विमानात येणारी. तिने सगळ्यांना फुगवायची पिवळी जाकिटं घातली आणि कानात घालायला स्पंजचे बोळे दिले. "आवाज फार असतो, आजोबा," असं म्हणून तिने नानांच्याही हातावर बोळे ठेवले. नानांनी ते उलटसुलट पाहिले आणि खिशात टाकले. टर्बाइन हॉलमध्ये ज्याने बोळे घातले नाहीत तो इथे घालणार होता थोडाच. मी तिला खुणेने सांगितलं, यांना गरज नाही, यांच्या कानात निसर्गतःच आहेत.

त्या विनोदावर मानसी हसली. मीही हसले.

वर

पाण्यावरून उडणं हा प्रकार मी असा सांगेन. आधी पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यावरून बस जावी तसे धक्के, खिडकीबाहेर दोन्हीकडे पाण्याच्या भिंती, आपण मनात ओळखीच्या सगळ्या देवांना गोळा करतो, आणि एकदम धक्के बंद. खाली पाहिलं तर पाणी दूर गेलेलं.

वरून आपला मुलूख पाहिला आणि मी सगळं विसरले. तापी अशी संथ, रुंद. तिच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, इतक्या दाट की जमीन दिसतच नाही. पुढे केळी संपते आणि काळी जमीन सुरू होते, तिच्यावर फुटलेला कापूस पांढऱ्या शिंतोड्यांसारखा. जळगाव मागे पडलं, गिरणा ओलांडली. पाचोऱ्याच्या दिशेला मी माझ्या शाळेचं छप्पर शोधत होते. दिसणं शक्यच नव्हतं, पण एक पत्रा चकाकला तो आपलाच असं मी ठरवून टाकलं.

नाना खिडकीबाहेर पाहत नव्हते. त्यांनी आपली काठी जमिनीवर टेकवली होती आणि तिची मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले होते. मानसीला वाटलं आजोबांना डुलकी लागली. मला मात्र ठाऊक होतं. टर्बाइन हॉलमधली माणसं असंच करायची. सळईचं एक टोक यंत्रावर, दुसरं कानामागच्या हाडावर. कान गेले तरी हाड ऐकतं, असं नाना म्हणायचे. घरी त्यांनी मिक्सर, पाण्याची मोटर आणि एकदा जावयाचं पोटही असंच ऐकलेलं आहे.

धुळं डावीकडे राहिलं असेल तेव्हा नानांनी डोळे उघडले आणि मानसीला बोलावलं.

"पोरी, उचकी लागनी शे."

मानसीने एक बोळा कानातून काढला. "उचकी? थांबा हं, आजोबा." तिने पाण्याची छोटी बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

"माले नही. मशीनले."

त्या आवाजात तिला अर्धंच ऐकू गेलं. "कोणीतरी आठवण काढतंय तुमची. एकेक नाव घ्या, बरोबर नावाला थांबेल."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगते, त्या विमानात उचकी म्हणजे काय हे कळणारं दुसरं माणूस फक्त मीच होते. लहानपणी रात्रीच्या ताटावर आम्ही ते ऐकलेलं. 'आज तीन नंबरले उचकी लागनी व्हती.' साहेब लोक त्याला हंटिंग म्हणत, शिफ्टची माणसं उचकी. यंत्राचा वेग कोणी हात न लावता थोडा चढतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो. उचकी लागली की आईला कळायचं, नाना आज वेळेवर जेवणार नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? मी माझ्या कानाकडे बोट दाखवलं, हात हलवला आणि मानसीला म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही. लक्ष देऊ नका."

मानसी मान हलवून पुढे गेली. नानांनी बाटली जाकिटाखालच्या खिशात घातली आणि पुन्हा काठीला कान लावला.

थोड्या वेळाने त्यांनी माझं मनगट पकडलं. वैद्य नाडी पाहतो तसं. एका बोटाने ते मनगटावर हलकेच मारायला लागले. एक. मग थांबले. एक. मग थांबले. मला वाटलं घाबरलेत, म्हणून मी त्यांचा हात थोपटला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि माझ्या कानाकडे खूण केली. मी बोळे काढले.

आधी नुसती घरघर. मग नानांचं बोट पडलं आणि घरघर चढली. उतरली. बोट पडलं, चढली. प्रत्येक वेळी बोट आधी आणि आवाज नंतर. आणि बोटं आता जवळजवळ पडत होती. खाली डोंगर सुरू झाले होते, आणि विमान उतरायला लागलं होतं.

मी मानसीला ओरडून बोलावलं. कानापाशी तोंड नेऊन सांगितलं की यांना उचकी लागलेली नाही, इंजिनाला लागलेली आहे, इंजिनाचा आवाज आपोआप चढतोय आणि उतरतोय, मघापासून, आणि आता लवकर लवकर. हा माणूस जन्मभर टर्बाइनजवळ उभा राहिलेला आहे, हेही सांगितलं. हे मी पंधरा मिनिटं आधी सांगायला हवं होतं.

चालकाची जागा आणि आमच्या खुर्च्या यांत दार वगैरे नव्हतं. मानसी पुढे वाकून बोलली. कॅप्टन केरळकडचे, पांढऱ्या मिशीचे, कानावर जाड भोंगे लावलेले. त्यांनी एक भोंगा सरकवला आणि वळून आमच्याकडे पाहिलं. नंतर त्यांनी मला सांगितलं, की समोरच्या तबकडीवरचा काटा त्यांना मघापासून नाचताना दिसत होता, पण काटा बिघडलाय की इंजिन, हे ठरत नव्हतं. त्या भोंग्यांतून इतकं बारीक ऐकू येत नाही.

"आवाज सुना आपने? खुद?" त्यांनी विचारलं.

नानांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तळहात आडवा धरून वर-खाली, वर-खाली डोलवला. कॅप्टननी तसाच आपला तळहात डोलवला. नानांनी मान हलवली. दोन्ही माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि एवढ्यात सगळं बोलणं झालं.

पाणी

ठरलेलं असं होतं, की विमान मागच्या डोंगराला वळसा घालून काठावरच्या लोकांच्या डोक्यावरून एक फेरी मारेल. फोटोवाले, बँडवाले, हारवाले सगळे त्यासाठी उभे होते. कॅप्टननी फेरी रद्द केली आणि नाक सरळ पाण्याकडे वळवलं.

आता उचकी ऐकायला काठीची गरज नव्हती. इंजिन एकदा ओरडायचं, एकदा दबायचं, आणि दर वेळी आम्ही सगळे पुढे-मागे. मागच्या त्या दोन बायका मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या. मला एकही ओळ आठवेना. मी वांग्यांची पिशवी छातीशी धरली होती. विमान पडलं तर वांगी काय उपयोगाची, पण त्या वेळी तीच हातात होती.

काठावरची माणसं बाहुल्यांएवढी, मग माणसांएवढी झाली. पाणी वर आलं. आणि पाण्यापासून बांबूभर उंचीवर असताना इंजिनाने शेवटची उचकी दिली आणि ते बंद पडलं.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. त्या शांततेत नाना स्पष्ट म्हणाले, "गयं."

पोटऱ्यांपर्यंत हिसका बसला. विमान पाण्यावर आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं, खिडक्या पाण्याने झाकल्या, उघडल्या, आणि आम्ही तरंगत होतो. धरणाच्या अगदी मधोमध. काठावर बँड जोरात वाजत होता. त्यांना वाटलं, विमान असंच उतरतं.

आणि मी रडायला लागले. खोटं कशाला सांगू. मानसीही रडत होती. नाना तिला म्हणाले, "पानी पेशी का?" आणि खिशातली बाटली तिच्यापुढे धरली. तिला रडता रडता हसू आलं. तिने बाटली त्यांना परत दिली.

आम्हाला काठाला आणलं एका मासे धरणाऱ्या भाऊने. तो जाळं टाकून बसला होता, तो डोंगा वल्हवत आला. विमानाला दोर बांधताना म्हणाला, "घाबरू नका. आम्ही म्हैस बी याच दोरघाई काढतस." अर्धा तास तो डोंगा पुढे आणि विमान मागे, अशी आमची वरात निघाली. पुढारी हार घेऊन ताटकळले होते. पहिला हार चुकून डोंगेवाल्याच्या गळ्यात पडला, आणि माझ्या मते तो बरोबर पडला.

काठावर पोतं अंथरून अक्का बसली होती. ऐंशीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाना खाली उतरले तशी ती म्हणाली, "इतला दूरथून उडी ऊना आनि पानीमा बसी ऱ्हायना? काठले येवाले लाज वाटस का?"

"आं?" नाना म्हणाले.

साक्री

अक्काने वांगी पाहिली आणि नानांच्या सगळ्या अपराधांना माफी मिळाली. मात्र भरीत कसं करायचं यावर दोघांत अर्धा तास जुंपली. नाना आता भुसावळकडचे झालेत, त्यांना वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजलेली लागतात. अक्काने ती चुलीच्या निखाऱ्यात घातली. आमच्याकडे त्यावर कांद्याची पात आणि कच्चं तेल, बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. अक्काकडे शेंगदाण्याचा कूट, लसणाचा ठेचा आणि नागलीची भाकरी, ओठ काळे करणारी. मी दोन्हीकडची आहे, म्हणून मी दोन्ही बाजूंनी जेवले.

दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. डोंगरपाड्यांवरच्या बाया पहाटे निघून डोक्यावर नागली, भगर, वाळलेली मोहफुलं घेऊन आल्या होत्या. जळगावच्या बाजारात मालापेक्षा ओरडा मोठा असतो. इथे बाई पाटी समोर ठेवून गप्प बसते, घ्यायचं तर घ्या. मी मोहफुलं हातात घेऊन वास घेत होते, तेवढ्यात मानसी आणि कॅप्टन आम्हाला शोधत आले.

शेवेच्या गाड्याजवळच्या बाकावर बसलो. नाशिककडून रस्त्याने मेकॅनिक आला होता. इंजिनाला तेल मोजून सोडणारा एक भाग चुकत होता, त्यामुळे ते कधी जास्त, कधी कमी. कॅप्टन हिंदीत जे म्हणाले ते असं, "काका नसते, तर मी काटा खराब आहे असं धरून डोंगरामागून फेरी मारायला गेलो असतो. डोंगरामागे पाणी नाही." मग ते शेव खायला लागले.

मला डोंगरामागचा न पाहिलेला खडकाळ उतार दिसायला लागला. मी माझी शेव नानांपुढे सरकवली.

कॅप्टननी खिशातून छोटी वही काढली. "क्या बोला था उन्होंने? वो शब्द?" मी सांगितलं. त्यांनी मानसीकडून देवनागरीत लिहून घेतलं, 'उचकी', आणि खाली त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलं. मानसी नानांसमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, सॉरी. मी तुम्हाला पाणी देत बसले."

"आं?"

"सॉरी म्हणतेय ती," मी ओरडले.

"तिनी काय चूक?" नाना म्हणाले. "तिले सांगनारा पाहिजे व्हता."

एवढं बोलून ते मोहफुलांकडे वळले. मला बाजारात तोंड लपवायला जागा सापडेना.

धुळ्याची एसटी

परतीला विमान नव्हतं, त्यामुळे साक्रीहून धुळे आणि धुळ्याहून भुसावळ, एसटीने. गर्दी होती, पण एसटीत आपलं वजन कोणी वाचून दाखवत नाही, हे मला फार बरं वाटलं. नाना खिडकीशी, काठी जमिनीवर, मूठ कानामागे. "तिसरा गियर रडस," एवढं एकदा म्हणाले.

धुळं सुटल्यावर मी ठरवलं, आता बोलायचं. मी हळू आवाजात म्हणाले, "नाना, विमानात मीच त्या मुलीला म्हटलं होतं, लक्ष देऊ नका."

"आं?"

"मी म्हटलं होतं, लक्ष देऊ नका."

"आं?"

मग मी ओरडले. "मी तिला म्हटलं तुम्हाला ऐकू येत नाही. आणि स्कूटरची किल्ली हरवलेली नाही, माझ्या पर्समध्ये आहे. सुधीर रविवारी स्कूटर विकतोय."

कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. पुढच्या सीटवरची एक बाई पूर्ण वळली आणि माझ्याकडे असं पाहायला लागली, की जणू मी तिच्याच वडिलांची किल्ली घेतलीय.

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, त्या मागे गेल्या, दुसऱ्या आल्या. मग ते म्हणाले, "विमानमा तू काय बोलनी ते माले त्याच वखत समजनं. तुना तोंडवर व्हतं."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते बरं झालं असतं.

"आनि तो ट्रॅक्टर," ते पुढे म्हणाले, "इंजिन बंद करीसन उतारवर सोडेल व्हता त्याने. डिझेल वाचाडाले. बंद मशीन मी कसं आयकू? तूच सांग."

हे आम्ही कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. सुधीरने शेजाऱ्याला विचारलं, मी सुधीरला विचारलं. नानांना ऐकू येत नाही म्हणून नानांना विचारायचं राहून गेलं.

मी पर्समधून किल्ली काढली. पुढची बाई म्हणाली, "दी टाक ना, बहीन."

नानांनी किल्लीकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. "ठेव तुनाजोडे."

दीपनगर

रविवारी गिऱ्हाईक आलं. वरणगावचा एक सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट. तोपर्यंत तीन दिवस नाना माझ्याशी जरुरीपुरतं बोलले होते आणि किल्ली देवघराच्या फळीवर मी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. नानांनी तिला हात लावला नव्हता. सुधीरला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, विमानातलं विमानात, रस्त्यावरचं वेगळं. तोही खोटं बोलत नव्हता.

गिऱ्हाइकाने किल्ली घेऊन स्कूटर चालू केली. चांगली फाटफाट आवाज करायला लागली. माणूस खूश. ओट्यावर बसलेल्या नानांनी मान न वळवता सांगितलं, "भाऊ, लेवू नको. उचकी शे तिले. फसशी."

त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. विमानात मानसीने पाहिलं होतं अगदी तसंच. मी म्हणाले, "ते बरोबर सांगताहेत. त्यांना ऐकू येतं. आणि स्कूटर विकायची नाहीये, तुम्हाला उगाच खेप पडली, चहा घेऊन जा."

चहा घेऊन तो गेला. नाना उठले, पान्यांची पेटी आणली, फडकं अंथरलं आणि दुपारभर स्कूटर उघडून बसले. चार वाजता त्यांनी हात धुतले, किल्ली माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "मांगे बस."

"मी कशाला?"

हे त्यांना पहिल्याच वेळी समजलं. "मानसंस्नं तू आयक," ते म्हणाले, "मशीननं मी आयकस."

तर सध्या व्यवस्था अशी आहे. एकट्याने स्कूटर काढायची नाही, हे नानांनी कबूल केलंय. मी दर शनिवारी पाचोऱ्याहून जाते आणि मागे बसते. हॉर्न वाजला की उजव्या खांद्यावर थाप, कोणी हाक मारली की डाव्या. सुधीरला अजून हे पटलेलं नाही.

त्या पहिल्या रविवारी आम्ही वसाहतीच्या त्याच उतारावरून निघालो. मी जीव मुठीत धरून दोन्ही खांदे गच्च पकडले होते. मध्येच, भीतीने म्हणा की घाईघाईत ढोसलेल्या चहाने, मला उचकी लागली. एक. मग दुसरी.

नानांनी स्कूटर बाजूला घेतली, बंद केली, उतरले, आणि वाकून इंजिनाला कान लावला. "दुपारभर साफ करं," ते स्वतःशीच पुटपुटले, "आते कोठून ऊनी?"

"नाना," मी साध्या आवाजात म्हणाले, "स्कूटरला नाही. मला लागलीय."

ते 'आं' म्हणाले नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग डिकी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेली विमानातली ती छोटी बाटली होती, अजून न उघडलेली. त्यांनी झाकण फिरवून ती माझ्या हातात दिली.

"पे," ते म्हणाले. मी पाणी प्यायले, आणि ते माझी उचकी थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.